मी, सुकट आणि न ऐकू येणारे सूर

मित्रांनो, ठाकूरद्वारच्या एका वाडीत, तिसऱ्या मजल्यावर, तळपद्यांच्या बाहेरच्या खोलीत भिंतीला पाठ लावून एक जुना लाकडी स्पीकर उभा आहे. तो मी. उंचीने तुमच्या कमरेएवढा, रंगाने मुरलेल्या गुळासारखा. पुढे तपकिरी जाळीचे कापड आहे आणि त्यामागे माझी दोन तोंडे. खालचे मोठे तोंड खर्जाचे, ढोलासारखे आवाज काढते. वरचे लहान तोंड बारीक आवाज काढते. माझा जुळा भाऊ खोलीच्या दुसऱ्या टोकाला खिडकीजवळ उभा असतो. तो उजवा, मी डावा. एरवी आम्ही दोघे एकदमच बोलतो. पण आजची गोष्ट मी एकट्यानेच सांगायला हवी, कारण ती माझ्या पाठीमागे घडली.

तुम्ही म्हणाल, स्पीकरचे काम बोलणे, तो ऐकणार कसा? ऐकतो. ज्या पडद्याच्या थरथरण्यातून माझा आवाज बाहेर पडतो, तोच पडदा बाहेरच्या आवाजानेही हलकेच थरथरतो. दार आपटले, कोणी हसले, कोणी रडले, सगळे मला कळते. फक्त उलट बोलता येत नाही. ॲम्प्लिफायर जे देईल तेवढेच मी बोलू शकतो. या एका गोष्टीचे दुःख मला फार उशिरा कळले.

माझा जन्म माझगावचा. मनमोहन तळपदे तेव्हा फोर्टातल्या एका कचेरीत ड्राफ्ट्समन होते. दिवसभर दुसऱ्यांच्या इमारतींचे नकाशे काढायचे आणि घरी येऊन माझा. गाण्याचे वेड होते, पण बाहेरचे तयार स्पीकर घेण्याची ऐपत नव्हती. शेवटी त्यांनी नकाशा माझगावच्या रामजी मिस्त्रींकडे नेला. रामजी जहाजांच्या केबिनमधली कपाटे करायचे. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "साहेब, यात ठेवणार काय?"

"गाणं," मनमोहनराव म्हणाले.

रामजी खूप हसले. पण त्यांनी माझे सांधे असे पक्के बसवले, की आजही त्यांत कागद शिरत नाही. माझी तोंडे लॅमिंग्टन रोडवरच्या रेडिओच्या दुकानातून आली. पोटात भरायला मऊ कापूस हवा होता. तेव्हा नव्या नवरीने, म्हणजे नलूताईंनी, माहेराहून आणलेली शेवरीच्या कापसाची उशी उसवून दिली. "उशी माझी गेली, गाणं तुमचं आलं," असे म्हणून त्या हसल्या होत्या.

मग माझे सुखाचे दिवस सुरू झाले. रविवारी सकाळी मनमोहनराव फडक्याने पुसून रेकॉर्ड लावायचे आणि शेजारच्या बिऱ्हाडातले शामराव चहाचा कप हातात घेऊनच यायचे. ते डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "मनमोहन, गवई तुझ्या खोलीत मांडी घालून बसलाय रे!" गॅलरीतून जाणारी माणसे दाराशी थबकायची. तळपद्यांची अनुजा तेव्हा एवढीशी होती. ती माझ्या कुशीला गाल टेकून बसायची आणि तबला सुरू झाला की म्हणायची, "बाबा, याच्या पोटात कोणीतरी चालतंय." तशीच ती झोपून जायची. त्या वेळी मला वाटायचे, आपण जन्मभर असेच गात राहणार.

पण दिवस पालटतात. घरात टीव्ही आला, मग सीडीच्या छोट्या चकत्या आल्या, मग सगळी गाणी फोनमध्ये जाऊन बसली. रेकॉर्डी पलंगाखाली गेल्या. माझ्या मोठ्या तोंडाभोवतीची कड कुजून तिचा भुगा झाला आणि मी खरखरू लागलो. एके दिवशी माझी वायर काढून टाकली. डोक्यावर मनीप्लँटची कुंडी आली. तिच्या पाण्याचा गोल डाग अजून माझ्या अंगावर आहे. पुढे शेजारचे शामरावही खोलीला कुलूप लावून मुलीकडे नागपूरला राहायला गेले. खोलीची किल्ली त्यांनी नलूताईंच्या हाती दिली. माझी आठवण काढणारे शेवटचे माणूसही गेले.

अशा पडत्या काळात मला एक मैत्रीण मिळाली.

ती आली तेव्हा मांजराचे पिल्लू आहे की सुकवलेला मासा आहे, असा प्रश्न पडावा इतकी बारीक होती. बाजारातून मासळी घेऊन येणाऱ्या नलूताईंच्या पिशवीमागे ती थेट तिसऱ्या मजल्यापर्यंत चालत आली. नलूताई म्हणाल्या, "अगं, किती ही सुकट!" तेच तिचे नाव पडले. पुढे ती चांगली गोल झाली, पण नाव सुकटच राहिले. पहिल्याच आठवड्यात तिने कुंडी ढकलून दिली आणि माझ्या डोक्यावर स्वतःचे अंथरूण केले. ती झोपली की तिची घुरघुर माझ्या लाकडातून आत उतरायची. कितीतरी वर्षांनी माझे पोट पुन्हा थरथरले.

मनमोहनराव निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती. दुपार त्यांना खायला उठायची. अनुजाने ते ओळखले. ती आता लग्न होऊन मुलुंडला राहत होती आणि दर रविवारी यायची. तिनेच पलंगाखालच्या रेकॉर्डी काढल्या, आम्हा दोघा भावांना नव्या कडा बसवून आणल्या, नवा ॲम्प्लिफायर घेतला. मी पुन्हा गाऊ लागलो. पहिल्या रेकॉर्डला माझ्या अंगावर सुकट बसलेली होती. खालून सूर येताच ती दचकली, मग तिने पंजे पोटाखाली घेतले आणि खर्जाच्या थरथरीवर डोळे मिटले. तिला ते आवडले!

मनमोहनरावांना मात्र आवडले नाही.

"आवाज झाकल्यासारखा येतोय," ते म्हणाले. "तंबोऱ्याचा झंकार कुठे गेला? घुंगरू वाजतात की नाही? स्पीकर म्हातारा झालाय."

मित्रांनो, मला ते फार लागले. मी जीव तोडून गात होतो. झंकार होता, घुंगरू होते, सगळे होते. अनुजा कान देऊन ऐकायची आणि म्हणायची, "बाबा, छान येतंय की!" ते मान हलवायचे.

स्वयंपाकघरातून नलूताई म्हणायच्या, "हो, म्हातारा फक्त स्पीकरच झालाय."

ते त्यांना ऐकू जायचे नाही. खरे तर नलूताईंचे बरेचसे बोलणे त्यांना ऐकू जायचे नाही. "दूध तापत ठेवलंय, बघा हं" असे त्या सांगायच्या, मनमोहनराव "काय?" म्हणायचे. त्या पुन्हा सांगायच्या, ते पुन्हा "काय?" म्हणायचे. तिसऱ्यांदा त्या ओरडून सांगायच्या, तर ते म्हणायचे, "चिडतेस कशाला? नीट बोल ना!" टीव्हीचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत जायचा. हळूहळू नलूताईंनी सांगणे कमी केले. काही आठवले, काही दुखले, काही गंमत झाली, की त्या ते सुकटला सांगायच्या. भाजी चिरता चिरता म्हणायच्या, "या घरात माझं ऐकणारी तू एकटीच गं." सुकट शेपटी हलवायची. बाहेरच्या खोलीत मनमोहनराव बातम्या बघत असायचे.

मग त्यांचा वाढदिवस आला. अनुजा एक छोटे खोके घेऊन आली.

"बाबा, सरप्राइज! तुम्हाला झंकार हवा होता ना? हे सुपर ट्वीटर. खूप बारीक, अगदी वरच्या टोकाचे सूर हे काढतात. माणसाच्या कानाला कळतात त्याच्याही पलीकडचे."

खोक्यातून चहाच्या कपाएवढे दोन चकचकीत डबे निघाले. एक माझ्या डोक्यावर बसवला, एक भावाच्या. प्रत्येकाच्या पाठीला आवाज कमी-जास्त करायचे एक बारीक बटण होते. अनुजाने ते अगदी खाली ठेवले. "एवढंच पुरे. हे मिठासारखं असतं, बाबा. जास्त झालं की बिघडतं."

रेकॉर्ड सुरू झाली. अनुजा वडिलांच्या तोंडाकडे बघत होती. मनमोहनरावांनी डोळे मिटले, थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "वा!"

अनुजाचा चेहरा असा उजळला, की मलाही आनंद झाला. डोक्यावर पाहुणा बसल्याने सुकटची जागा गेली होती, तेवढे वाईट वाटले. ती आरामखुर्चीच्या पाठीवर जाऊन बसली.

पण अनुजा गेल्यावर मनमोहनराव उठले. पुढे येऊन त्यांनी माझ्या डोक्यावरच्या त्या पाहुण्याला कान लावला. मग पाठीमागचे बटण थोडे फिरवले. पुन्हा कान लावला. आणखी फिरवले. शेवटी बटण पुढे जाईना, तेव्हा ते थांबले. भावाकडच्या बटणाचेही तसेच केले. मग खुर्चीत बसून बराच वेळ दोन्ही तळहातांकडे बघत राहिले. कोणाला काही बोलले नाहीत. नलूताईंनी "कसं वाटतंय?" असे खुणेनेच विचारले, तर म्हणाले, "मस्त. अनुजाची निवड आहे."

त्या दिवसापासून दोन्ही बटणे टोकालाच राहिली.

जुन्या रेकॉर्डी म्हणजे नुसते गाणे नसते. त्यांवर ओरखडे असतात, धूळ असते. प्रत्येक ओरखड्यावर सुई ठेचकाळते आणि एक बारीक, तीक्ष्ण आवाज उडतो. तो माझ्या तोंडून आला तर नुसता 'टक' होतो. पण टोकाला नेलेल्या त्या पाहुण्याच्या तोंडून तो सुईसारखा निघायचा. मनमोहनरावांना तो ऐकू येत नव्हता. नलूताई स्वयंपाकघरात असायच्या. खुर्चीच्या पाठीवर, अगदी त्या सुईच्या टप्प्यात, बसलेली होती सुकट.

पहिल्या दिवशी तिने कान मागे पाडले. दुसऱ्या दिवशी ती उठून स्वयंपाकघरात गेली. मग रेकॉर्डीचे कव्हर सरकवल्याचा आवाज आला, तरी ती पळू लागली. पिठाच्या डब्यामागे जाऊन बसायची. पंजाने कान घासायची. बशीतली मासळी तशीच राहू लागली.

एकदा नलूताई हात पुसत बाहेर आल्या. "अहो, सुकटचं काहीतरी बिनसलंय."

"काय?"

"म्हटलं, सुकट खात नाहीये. घाबरल्यासारखी करतेय."

"काय म्हणालीस? जरा मोठ्यानं."

नलूताईंनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "काही नाही," आणि आत गेल्या.

शुक्रवारी दुपारी मनमोहनरावांनी एक फार जुनी, फार ओरखडे पडलेली रेकॉर्ड लावली. सुकट तेव्हा बाहेरच्या खोलीतून गॅलरीकडे चालली होती. पहिल्याच वळणाला त्या आवाजाच्या सुया उडाल्या. ती जागेवरच हवेत उडाली, टिपॉयवरचा पेला पाडला आणि दारातून अशी सुटली, की मला नुसती तिची शेपटी दिसली. मनमोहनराव पेला उचलत म्हणाले, "वेडी कुठली!"

संध्याकाळी ती जेवायला आली नाही. रात्रीही आली नाही.

शनिवारी नलूताई सकाळपासून पायांत चपला घालूनच होत्या. वाडीत, देवळाच्या पायऱ्यांवर, उभ्या गाड्यांखाली वाकून वाकून बघितले. मासळीवाल्यांना विचारले. जिन्याखाली इस्त्री करणारे गुणाजी आपली इस्त्री बाजूला ठेवून त्यांच्याबरोबर फिरले. "काकी, येतला तां. मांजर खंय जातला?" असे ते धीर द्यायचे. मनमोहनरावही दोनदा तीन जिने उतरून गेले, "सुकट, सुकट" हाका मारत नाक्यापर्यंत जाऊन आले. घरी आले की टीव्ही लावायचे, कारण शांतता त्यांना सोसत नव्हती.

आणि मी? मला माहीत होते ती कुठे आहे.

माझ्या पाठीमागची भिंत शामरावांच्या बंद खोलीची. गॅलरीकडच्या बाजूला, दाराच्या वर, त्या खोलीचा झरोका आहे. त्याची काच कधीचीच निखळली होती. घाबरलेली सुकट गॅलरीच्या कठड्यावरून उडी घेऊन त्यातून आत शिरली आणि खाली उडी मारून बसली. आत गुळगुळीत भिंती. परत वर चढायला ना कपाट, ना खुर्ची. ती माझ्याच पाठीशी, भिंतीच्या पलीकडे येऊन ओरडत होती. तिच्या नखांचा आवाज माझ्या लाकडाला कळत होता. तिची हाक माझ्या पडद्यावर उमटत होती. नलूताई घरात असल्या तरी आत स्वयंपाकघरात, मध्ये टीव्हीचा गोंगाट, आणि रात्री सुकट दमून गप्प पडायची. माझ्याजवळ दोन तोंडे होती, डोक्यावर तिसरे होते, आणि त्यांतले एकही माझ्या कामाचे नव्हते.

शनिवारी दुपारी नलूताई खाली गेल्या असताना मनमोहनरावांनी टीव्ही बंद केला. खोली अगदी शांत झाली. मला वाटले, आता ऐकतील. सुकट पलीकडून ओरडली. पुन्हा ओरडली. ते माझ्यापासून दोन हातांवर खुर्चीत बसले होते. "ये गं बाई परत," ते स्वतःशीच म्हणाले. "नलूचं कसं व्हायचं तुझ्याशिवाय?" भिंतीपलीकडून तिने पुन्हा हाक दिली. ते समोर बघत बसून राहिले. पूर्ण दुपार.

रविवारी अनुजा आली तेव्हा नलूताई ओट्याशी उभ्या होत्या. त्यांनी रात्री काही खाल्ले नव्हते. टीव्ही मोठ्याने चालू होता. अनुजाने एक चप्पल काढली, दुसरी काढता काढता थांबली.

"बाबा, टीव्ही बंद करा."

"काय?"

तिने स्वतःच जाऊन बटण दाबले. "सुकट ओरडतेय!"

"कुठे?"

"इथे! भिंतीपलीकडे! आई, शामरावकाकांची किल्ली दे, लवकर!"

नलूताईंच्या हातातली पळी खाली पडली. किल्ली घेऊन त्या धावल्याच. कुलूप गंजलेले होते, अनुजाने दोन्ही हातांनी फिरवले. दार उघडले आणि मला पाठीमागून नलूताईंचा आवाज आला, "अगं माझी राणी! अगं, इथेच होतीस?"

सुकटला उचलून आणले तेव्हा ती धुळीने करडी झाली होती आणि मान धरवत नव्हती. डोळे मात्र उघडे होते. नलूताईंनी तिला पदरात घेतले. अनुजा म्हणाली, "दारातूनच ऐकू येत होतं मला. टीव्ही चालू असतानासुद्धा."

मनमोहनराव भिंतीकडे बघत होते.

"काल दुपारी मी इथेच बसलो होतो," ते म्हणाले. "टीव्ही बंद करून."

नलूताईंना किती बोलता आले असते! इतक्या वर्षांचे साठलेले होते. त्यांनी नवऱ्याकडे पाहिले आणि नुसते खुणेने सांगितले, "पाणी आणा."

तिघेही तिला घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. तिथे काय झाले ते मला नंतर, त्यांच्या बोलण्यावरून कळले. डॉक्टर मेघना तरुण होत्या आणि हात हलका होता. त्यांनी सुकटला सलाइन लावले. "वाचलीच म्हणायची. अजून एखादा दिवस गेला असता तर कठीण होतं," त्या म्हणाल्या. "पण मला सांगा, घरातलं मांजर एवढं घाबरून पळालं कशाने? घरात नवीन काही आलंय का? कुत्रा, मशिन, काही?"

"काही नाही बाई," नलूताई म्हणाल्या.

अनुजाने सुकटच्या कानांकडे पाहिले. मग हळूच म्हणाली, "सुपर ट्वीटर."

डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले. त्या म्हणाल्या, "मांजराला आपल्यापेक्षा कितीतरी वरचे आवाज ऐकू येतात. भिंतीच्या आत उंदराची पिल्लं बोलतात ना, तेसुद्धा. आपल्याला जिथे शांतता वाटते, तिथे तिला गोंगाट असू शकतो. पण तुम्ही आवाज कमी ठेवला असेल तर एवढा त्रास व्हायला नको."

"अगदी कमी ठेवला होता," अनुजा म्हणाली. "मी स्वतः बटण लावून गेले होते."

"मी वाढवलं," मनमोहनराव म्हणाले.

"किती?"

"टोकापर्यंत."

"पण का, बाबा?"

"मला काही ऐकूच येत नव्हतं, अनुजा. पहिल्या दिवशीही नाही. तू एवढ्या हौसेनं आणलं होतंस, म्हणून वा म्हणालो. वाटलं, वाढवलं की येईल. नाही आलं." मग ते नलूताईंकडे वळले. "तंबोरा नाही, घुंगरू नाही. तू काय बोलतेस, तेही अर्धंच येतं. स्पीकरला नावं ठेवत बसलो, कारण स्वतःच्या कानांना ठेवायची भीती वाटत होती."

डॉक्टर मेघना हसून म्हणाल्या, "काका, मी मांजरांची डॉक्टर. सुकटचे कान उत्तम आहेत. तुमचे मात्र कोणाला तरी दाखवा."

घरी आल्या आल्या अनुजाने पाहुण्यांच्या वायरी काढल्या. मनमोहनरावांनी रेकॉर्डींच्या खोक्यातून फडके काढून माझ्या अंगावरची धूळ पुसली आणि माझ्यावर हात ठेवून उभे राहिले. "तू ठीक होतास रे," ते मला म्हणाले. एखाद्या वस्तूची माफी मागणारी माणसे जगात किती असतील, मला माहीत नाही. माझ्या वाट्याला एक आले.

सुकटला बाहेरच्या खोलीत यायला काही दिवस लागले. आधी उंबऱ्यापर्यंत यायची, माझ्याकडे बघायची, परत जायची. नलूताईंनी कोणालाच तिला उचलून आणू दिले नाही. "तिचं तिला येऊ दे," असे त्या म्हणायच्या. एके दुपारी रेकॉर्ड हळू आवाजात चालू असताना ती आली, माझ्याभोवती एक फेरी मारली आणि माझ्या पायाशी बसली. मी इतक्या जपून गायलो, की आयुष्यात कधी गायलो नव्हतो.

मनमोहनरावांनी कान तपासून घेतले आणि कानामागे बसणारी यंत्रे आणली. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना हैराण केले. वर्तमानपत्र कडाकडा वाजते, चपला फार आवाज करतात, हा पंखा आधीपासून असाच ओरडायचा का? दुपारी त्यांनी रेकॉर्ड लावली. सगळे काही परत आले नाही, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळले. पण तंबोरा सुरू झाला तेव्हा त्यांनी खुर्चीच्या हातावर एक बोट उचलले आणि बराच वेळ ते बोट तसेच वर राहिले.

संध्याकाळी नलूताई स्वयंपाकघरात सुकटशी बोलत होत्या. नेहमीसारख्याच, हळू. "आज कोलंबीचं भानोलं भाजत ठेवलंय गं. आता जाऊन सांगितलं, की म्हणतील, काय? काय?"

"नाही म्हणणार," बाहेरून मनमोहनराव म्हणाले. "पण करपू देऊ नकोस, कडा लागल्याचा वास येतोय."

आत पळी ओट्यावर ठेवल्याचा आवाज झाला. मग नलूताई दारात आल्या. "तुम्हाला ऐकू आलं?"

"आलं."

"कधीपासून ऐकताय?"

"सकाळपासून. 'ह्यांचं काही खरं नाही' असं आतापर्यंत तीनदा म्हणालीस."

नलूताई हसायला लागल्या आणि हसता हसताच त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मनमोहनराव उठून त्यांच्याजवळ गेले. "नलू, मला ऐकू येत नव्हतं तेव्हा जे जे बोललीस, ते पुन्हा सांगशील?"

"सगळं?"

"सगळं."

"मग आधी जेवून घ्या," नलूताई म्हणाल्या. "पुरवून पुरवून सांगावं लागेल."

त्या पाहुण्यांचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. अनुजा त्यांना परत न्यायला निघाली होती. मनमोहनराव म्हणाले, "राहू दे. तुझ्या कानांना कळतं ना? मग तू ऐक." आता ती रविवारी येते तेव्हा वायरी जोडते. बटण अगदी खाली, रेकॉर्ड त्यातल्या त्यात स्वच्छ, आणि आतले दार सताड उघडे. सुकट बसली तर बसली. तिने कान पाडले किंवा ती उठली, की त्याच क्षणी वायर निघते, मग गाणे कितीही रंगलेले असो. तिच्याशी त्यावर कोणी वाद घालत नाही. माझ्या डोक्यावरच्या पाहुण्याबद्दल माझ्या मनात राग नाही. तो बिचारा सांगितले तेवढेच गात होता, मीही तेच करतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असे सांगून मला निरोप घ्यायला हवा. जपाच. पण मला आणखी एक मागणे आहे. घरात आवाज करणारे काहीही आणाल, लहान असो वा मोठे, तर आधी घरातल्या सगळ्यांच्या कानांची चौकशी करा. खाटेखाली झोपणाऱ्या कुत्र्याच्या, पिंजऱ्यातल्या पाखरांच्या, पाळण्यातल्या बाळाच्या. आणि आजोबा "काय?" म्हणाले तर चिडू नका, आजी सांगायची थांबली तर खूश होऊ नका. त्यांच्याजवळ जाऊन बसा.

परवाचीच गोष्ट सांगतो. ऊन उतरले होते. मनमोहनरावांनी रेकॉर्डींचा गठ्ठा मांडीवर घेतला आणि विचारले, "नलू, आज तुझ्या आवडीचं लावतो. काय लावू?"

नलूताई दुसरी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. थोडा विचार करून म्हणाल्या, "काही नको. असंच बसू या जरा."

त्यांनी गठ्ठा खाली ठेवला. वाडीत कोणीतरी सायकलची घंटा वाजवत गेले. खालच्या मजल्यावर कुकरची शिटी झाली. गॅलरीत चिमण्या भांडत होत्या. मनमोहनराव एकेका आवाजाला मान हलवत होते आणि नलूताई हळू आवाजात, अगदी हळू, त्यांना माहेरची कुठलीशी गोष्ट सांगत होत्या. मनमोहनरावांनी एकदाही "काय?" म्हटले नाही. त्या संध्याकाळी मी एकही सूर काढला नाही, आणि खोलीत इतके छान ऐकणे मी आजवर पाहिले नव्हते.